खोक्याच्या लाकडाचा पलंग

गेल्या महिन्यात लोहगडवाडीहून एक बाई माझ्याकडे आली. तिच्या लेकीला मणक्याचा क्षय निघाला आहे आणि डॉक्टरांनी फळीवर उताणं निजायला सांगितलं आहे. बाईनं ओसरीवर टेकता टेकताच विचारलं, "मावशी, तुमी वरीसभर कशा निजलात वो? तेवढं सांगा." मी चहा ठेवला आणि सांगायला लागले, तर निम्म्यातच तिची परतायची वेळ झाली. राहिलेलं आणि सांगितलेलं, सगळं आता इथं लिहिते. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेव्हा शुद्धलेखनाला हसलात तरी चालेल, पण पलंगाचं सांगते ते नीट वाचा. औषधं डॉक्टर देतात. पलंग कुणी देत नाही.

पायातली चप्पल

आमची वाडी मळवली स्टेशनापासून तासाभराच्या चालीवर. घरात आम्ही तिघं. मालक देहूरोडच्या डेपोत खोकी बांधायच्या कामाला होते, सकाळच्या गाडीनं जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं यायचे. शेत बघायच्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मी त्या घरात नवीच होते, लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं.

भाताच्या आवणीत पाठ दुखायला लागली. आवणीत पाठ कुणाची दुखत नाही? दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची म्हणजे दुखणारच. पण आवणी सरली, बाकीच्या बायकांच्या पाठी ताळ्यावर आल्या आणि माझी काही येईना. आत्याबाईंनी तेल चोळलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून बिब्बा घातला, त्याचे फोड उठले ते वेगळेच. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. मी कुणाला सांगत नव्हते, कारण सांगून काम कुणी कमी करणार नव्हतं.

एक दिवस ओढ्यावरून धुणं घेऊन आले, तर आत्याबाई माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "एक चप्पल कुटं टाकलीस गं?" डाव्या पायातली चप्पल वाटेत निघून गेली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा मात्र मी घाबरले.

मालकांनी रजा काढून लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं, एका जागी थांबले, तळपायाला टाचणी टोचून विचारलं, "टोचतंय?" मी म्हटलं, "काय टोचताय?" त्यांनी टाचणी ठेवली आणि पाठीचा फोटो काढायला धाडलं. फोटो काढून आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"मणक्याला क्षय झालाय. घाबरून जाऊ नका, औषधानं बरा होतो. पण हाड मऊ पडलंय. ते जुळेपर्यंत पाठ सरळ राहिली पाहिजे. वाकली, तर वाकडंच जुळेल आणि पाय जातील."

"जातील म्हंजे?" मालकांनी विचारलं.

"म्हणजे चालता येणार नाही. कधीच."

स्टेशनावर मालकांनी चहा घेतला, बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढे धरली. चारचौघांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. डॉक्टरांचं बोलणं मला अर्धवटच कळलं होतं, ते त्या बशीनं पुरतं कळलं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी ऐकून घेतलं. "क्षय तर खोकल्याचा आसतुया. ही कुटं खोकती?" मालकांनी समजावलं, हा हाडाचा आहे, याच्यानं दुसऱ्याला होत नाही. आत्याबाईंनी मान डोलावली आणि माझा पेला वेगळा काढून कोनाड्यात ठेवला. मग म्हणाल्या, "माहेरी धाड तिला. हितं कोन बघनार? मी तिला बगू का वावर बगू?" त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. पण मी शेजारच्या खोलीतच होते आणि मला ते फार लागलं.

इस्पितळ

पुण्याच्या इस्पितळात मी हिवाळा काढला. लोखंडी खाट, तिच्यावर फळी, फळीवर पातळ सतरंजी. रोज कुल्ल्यावर सुई, मूठभर गोळ्या, आणि दिवसभर वरचं छत. कूस बदलायची तर दोघींनी धरून, ओंडका लोळवावा तसं, खांदा आणि कंबर एकदम. लाज वाटते ती पहिले काही दिवस. पुढं लाज वाटून घ्यायलाही जोर लागतो हे कळतं, आणि माणूस तो जोर दुसऱ्या कामाला वाचवतो.

भीती मात्र जात नाही. डॉक्टर फेरीला यायच्या आधी मी सतरंजीखाली पायाची बोटं हलवून बघायची. हलली तर दिवस चांगला जायचा. वॉर्डातली आया माझे केस विंचरताना मागची जट कधी ओढायची नाही, बोटांनी एकेक केस सोडवायची. तेवढ्या वेळात मला आजारी असल्यासारखं वाटत नसे.

गर्दी वाढली तसे मोठे डॉक्टर म्हणाले, आता घरी निजलात तरी चालेल, सुया गावाकडे घेता येतील. पण अट घातली. बाज नको, गादी नको. सपाट फळ्यांचा पलंग हवा, आणि माणूस निजल्यावर मधे अजिबात दबता कामा नये. लोणावळ्याचे डॉक्टर तो बघून देतील.

आमच्या वाडीत तेव्हा पलंग असा एकाही घरात नव्हता. बाज होती किंवा भुई होती, आणि भुई ओलसर.

सुतळीनं बांधून आलेला पलंग

डेपोत माल यायचा तो देवदाराच्या खोक्यांतून. रिकामी खोकी लिलावात जायची आणि देहूरोडचा एक दुकानदार त्या फळ्यांचे पेटीपलंग करून सुट्या भागांत विकायचा. स्वस्त पडायचा. मालकांनी तसला एक घेतला. उशाकडची फळी, पायथ्याची फळी, दोन लांब बाजू, आडव्या पट्ट्या, वरच्या फळ्या, खालचं पातळ बूड, सगळं सुतळीनं एकत्र आवळलेलं आणि नटबोल्टांची एक चिंधीची पुरचुंडी. गाडीतून मळवलीला आणि तिथून बैलगाडीनं घरी.

खोक्यावरची इंग्रजी अक्षरं फळ्यांवर तशीच होती. उशाच्या फळीवर काचेचा पेला काढलेला आणि शेजारी बाण. बाण म्हणजे ही बाजू वर, पेला म्हणजे आत नाजूक माल आहे, जपून हाताळा. रोज हजार खोक्यांवर तो बाण बघणाऱ्या आमच्या मालकांनी घरचा पलंग जोडताना बाण खाली केला. शिवाय पेटीत सामान ठेवायला एका बाजूला झडप होती, ती बरोब्बर भिंतीकडे गेली. जोडणीच चुकलीय हे मला बैलगाडीतून उतरवून पलंगावर ठेवल्यावर कळलं, कारण फळी करकरली आणि माझी कंबर खाली गेली.

"दबतोय," मी म्हटलं.

"न्हाई दबत. नवा हाय, बसंल जागेवर."

"मी बसतेय जागेवर, पलंग नाही."

मालकांनी लगेच गोठ्याचं दार बिजागरीवरून काढलं आणि मला त्या दारावर घेऊन भुईला ठेवलं. त्या उचलाउचलीनं आणि गाडीच्या हिसक्यांनी माझे दोन्ही पाय बधिर झाले. इस्पितळात परत आलेली बोटं पुन्हा गेली. मी त्या दारावर पडून रडले, अगदी मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याचे डॉक्टर आले. माझ्या पायांना टाचणी लावून त्यांनी मालकांना बाहेर नेलं नाही, माझ्यासमोरच सांगितलं. "असं पुन्हा हलवलंत तर मी जबाबदार नाही. पलंग पक्का करा, एकदाच वर ठेवा, आणि मी सांगेपर्यंत तिथून उचलू नका."

बाभळीचे आडवे

धोंडूआबा आमच्या वाडीचा सुतार. नांगर, कुळव, गाडीची चाकं हे त्याचं काम, आणि तोंड कामापेक्षा जास्त चालायचं. पलंगाभोवती फिरून त्यानं जाहीर केलं, "खोक्याचं लाकूड खोक्यालाच बरं. ह्याच्यापरीस माजा नांगर उलटा टाका आन निजवा पोरीला."

"आबा, नांगर नको. हाच पक्का करा," मालक म्हणाले.

मी दारावर पडल्या पडल्या सगळं पाहत होते, म्हणून सांगते. पहिल्यांदा पलंग पूर्ण सोडला. मालकांची चूक अशी झाली होती की एकेक बोल्ट घालून तो तिथंच गच्च पिळला होता, त्यामुळे सांगाडा तिरका बसला होता. आता सगळे बोल्ट आधी सैल अडकवले, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरप्या बाजू दोरीनं मापून सारख्या केल्या, आणि मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले. प्रत्येक नटाखाली वायसर, म्हणजे लोखंडी चकती. लाकडात नट रुततो, वायसर असला की रुतत नाही. डेपोतल्या खोक्यांच्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे वाकवून कोपऱ्यांवर ठोकले. बाभळीचे जाड आडवे पाठीखाली येतील असे मारले आणि वरच्या फळ्या सरसानं चिकटवून वर खिळे. झडप या वेळी खोलीकडे. बाण मात्र खालीच राहिला, ते पुन्हा कोण सोडणार?

मग डॉक्टरांनी सांगितली होती ती परीक्षा. उशापासून पायथ्यापर्यंत दोरी ताणायची, वर भाताचं पोतं टाकायचं, आणि मधे दोरी आणि फळी यांत किती फट पडते ते बघायचं. अर्धं बोट पडली. आबानं मधोमध जादा पाय लावला. तो सारवलेल्या भुईत रुतला. खाली दगड ठेवला, तर दगड रुतला.

आत्याबाई इतका वेळ चुलीपाशीच होत्या. त्या उठल्या, पेटीची झडप उघडून आत बघितलं. "एवडी पोकळ जागा मोकळी कशापाई ठिवलीया? बूड काडून टाका. भुईला दगडं, दगडावर पेंढा, आन भाताची पोती ठासून भरा फळीपातुर. पोतं रुतत आसतंय व्हय?"

आबाला राग आला. "मग मला कशाला बोलिवलं? पोती रचाया?"

पण पोती रचली गेली, पाचर मारावी तशी. दोरी ताणली. फट नाही. फळीवर हात मारला तर खळ्यावर मारल्यासारखा आवाज. डॉक्टर येऊन त्यावर स्वतः आडवे झाले, उठले आणि म्हणाले, "चालेल."

यात एक अडचण होती, ती आत्याबाईंनी आधीच ओळखली होती. भात खायचं असतं. खाऊ तसा पलंग पोकळ होणार. म्हणून उशाकडे आणि पायथ्याकडे घरखर्चाचं भात ठेवलं, झडपेतून हात घालून काढता येईल असं. मधे, माझ्या पाठीखाली, बियाण्याची पोती ठेवली. आमच्यात बियाण्याला कुणी हात लावत नाही. घरात दाणा नसला तरी लावत नाही. पेरणीपर्यंत मी उठेन, असंच तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं.

आणि हे बियाणं साधं नव्हतं. आंबेमोहोर, आत्याबाईंच्या माहेरचं, लग्नात ओटीत आणलेल्या मुठीपासून वाढवलेलं. दर कापणीच्या आधी त्या एकट्या वावरात शिरायच्या आणि चांगल्या लोंब्या तेवढ्या खुडून वेगळ्या झोडायच्या. त्यांच्या माहेरीसुद्धा पुढं ते राहिलं नव्हतं.

फळीवरचे दिवस

सकाळी कंपाउंडर सायकलवरून सुई द्यायला यायचा. मालक कामावर जाण्याआधी माझं अंग पुसून जायचे, आणि रविवारी माझ्या बाजूनं दोरी ताणून बघायचे. दिवसभराचं बाकी सगळं आत्याबाईंनी केलं. भांडं देणं, काढणं, कूस वळवणं. हात राकट, बोलणं त्याहून राकट. "वळ. आता रडू नगंस, वळ." एकदा मी म्हटलं, मला माहेरी पाठवणार होतात ना? त्या म्हणाल्या, "आता हालवू न्हाई दिलं डाक्टरनं, न्हाईतर धाडली आसती."

भातामुळे उंदीर आले. माझ्या कमरेखाली कुरतडल्याचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, माझंच हाड कुरतडतायत. मांजर आणलं. ते उंदीर धरायचं सोडून माझ्या पोटावर झोपायचं. आत्याबाईंनी कडुलिंबाचा पाला आणि राख टाकली, त्यानं फरक पडला. त्या पोत्यांचा एक वास होता, गोडसर. दुपारी खोली तापली की जास्त यायचा. मला तो आवडायचा.

वैशाखात डाव्या पायाचा अंगठा हलला. मी कुणाला बोलले नाही, पुन्हा हलला तेव्हा हाक मारली. डॉक्टर आले आणि पहिल्यांदाच हसले. "हाड धरायला लागलंय. हेच महिने मोलाचे. पावसाळा जाऊ द्या, मग फोटो काढू. तोवर इकडची काडी तिकडे करू नका."

रोहिणी

रोहिणी नक्षत्र तोंडावर आलं. रोपासाठी पालापाचोळ्याचा राब भाजून जमीन तयार होती. वाडीतल्या सगळ्या घरांतून बियाण्याची पोती बाहेर निघाली. आमचं बियाणं माझ्या पाठीखाली.

मालकांनी धोंडूआबाला बोलावून आणलं. तिघं माझ्या पायथ्याशी उभी राहिली.

"आई, बियानं काढाया पायजे," मालक म्हणाले. "नदीची वाळू भरून पोती आनतो. एक काढायचं, एक सरकवायचं."

आत्याबाईंनी आबाकडे बघितलं. "जमंल?"

आबानं झडपेतून हात घालून चाचपलं. "घट बसल्याती. एक वढलं का शेजारचं ढासळनार. घटकाभर तरी फळी दबनारच. माजं बाभळीचं आडवं हाय मधी, पन खोक्याच्या लाकडाला मी जामीन न्हाई."

"मग हिला दारावर घिऊ," मालक म्हणाले.

"मागल्या खेपंला घेतलीवती. काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

मला राहवलं नाही. "काढा आत्याबाई. घटकाभराचं काम आहे. मी दम धरते."

"तू गप पड. तुला कुनी इचारलं?"

"आई, पर पेरायचं काय मग?" मालकांचा आवाज चढला. "पावसाळाभर आत ऱ्हायलं तर उगवनार न्हाई ते. आपलं बियानं दुसऱ्या कुनाकडं हाय का?"

"न्हाई. ठावं हाय मला."

मग वाकून त्यांनी झडप लावली आणि तिची कडी घातली. "ही उबी ऱ्हायल्याबिगर त्यातलं कायबी निघायचं न्हाई. आबा, तू जा घरला."

दुसऱ्या दिवशी त्या शिरगावकडच्या भावाकडे गेल्या आणि डोक्यावर जाड्या भाताचं बियाणं घेऊन चालत आल्या. वाडीतल्या बायकांना विषय मिळाला. ओढ्यावर म्हणायच्या, सोन्यासारखं बियानं सुनंच्या पाठीखाली दडपलं आन म्हातारी गावोगाव दानं मागती. माझ्या कानावर आलं तसं त्यांच्याही आलं असणार. त्यांनी जाडं भात पेरलं, त्याची आवणी केली, आणि मी फळीवर पडून आवणीची गाणी ऐकली.

आमच्याकडचा पाऊस म्हणजे घरातलं मीठसुद्धा पाझरतं. बोल्ट सैल पडायचे, मालक दर रविवारी आवळायचे. पोत्यांचा वास हळूहळू कोंदट झाला. मी रोज हुंगायची आणि रोज ठरवायची की आज सांगू. सांगून त्यांना काय करता येणार होतं?

उभी राहिले

नवरात्र संपल्यावर गाडीत पेंढा भरून, गोठ्याच्या दारावर निजवून मला लोणावळ्याला नेलं. डॉक्टरांनी फोटो खिडकीला धरला, मालकांना बोलावून दाखवला. "सरळ जुळलंय. उद्यापासून उभं राहायला हरकत नाही. हळूहळू."

दुसऱ्या दिवशी पलंगाची उशाकडची फळी धरून मी उभी राहिले. पाय लटपटत होते, पण भुई लागत होती. गार, सारवलेली. मला शेणाचा खडबडीतपणासुद्धा कळत होता. मालक हसत होते आणि रडतही होते. आत्याबाई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, पायांकडे बघत होत्या. मी पुन्हा आडवी झाले तेव्हा त्या बाहेर निघून गेल्या.

संध्याकाळी त्यांनी झडप उघडून मधल्या पोत्यातलं मूठभर भात काढलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि चुलीच्या उबेला ठेवलं. बियाणं जिवंत आहे का ते आमच्याकडे असंच बघतात. मोड यायला लागतात तेवढे दिवस गेल्यावर त्यांनी फडकं ओसरीवर सोडलं. मी भिंत धरून तिथवर चालत आले होते.

दाणे फुगले होते. मोड नव्हता. त्यांनी बोटानं पसरून पसरून बघितलं. एकालाही नव्हता.

"आत्याबाई, तुमचं बियाणं गेलं," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. ते वर्षभरात पायांसाठी आलं होतं त्याहून वेगळं रडू होतं.

"व्हय. गेलं," त्या म्हणाल्या. "भादव्यातच कळलंवतं मला. वास गेलता त्याचा."

"तुम्हाला कळलं होतं? मग ते जायच्या आधीच का नाही काढलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

"कसं काढनार? तू निजलीवतीस न्हवं वर."

मग त्यांनी फडकं अंगणात कोंबड्यांपुढे झाडलं, आणि पोती गिरणीवर न्यायला मालकांना हाक मारली.